अस्वल आलंच नव्हतं

धनुष्यबाणाने शिकार करायच्या हंगामात अमेरिकेतल्या मोंटानाच्या रानात कमरेला पिस्तूल कायद्याने चालतं, पण अस्वलापासून जीव वाचवायला. शिकारीवर झाडायचं नाही. वनरक्षक मार्लिस पोहोचली तेव्हा मेलेल्या एल्क हरणाच्या पोटात बाण होता, कपाळात गोळी. शेजारी पंचाहत्तरीचे ऑर्वल हौगन बसले होते. "काका, अस्वलावर झाडलेली गोळी चुकून लागली ना?" तिने सुटकेची वाट काढून दिली. "अस्वल कुठलं, पोरी? बाणाचा नेम माझा चुकला. तासभर तडफडत होतं, बघवेना." "तुम्ही म्हणाल तसं लिहीन मी." "मग खरं लिही." मार्लिसने दंडाची पावती फाडली. मांसही जप्त करावं लागणार होतं. म्हाताऱ्याची हिवाळ्याची बेगमीच ती. दोघांनी हरीण सोललं. तिने एक तंगडी उचलली आणि तिचा झोक गेला. "एकटीने कुठवर वाहशील?" म्हणत ऑर्वल दुसरी खांद्यावर घेऊन तिच्या गाडीकडे उतरू लागले.