स्क्रीनवरचा हात

"आत आरसाच नाही काकू, म्हणून एवढा छोटा नि हलका. चोवीस मेगापिक्सेल, फोर-के व्हिडिओ, शिवाय माणसाचा डोळा शोधून बरोबर तिथेच फोकस करतो," कॅमेऱ्याच्या दुकानातला विक्रेता एका दमात सांगून मोकळा झाला.

काकूंना त्यातलं काहीच नको होतं. नवऱ्याची उभी हयात फोटो काढण्यात गेली होती, आणि अलीकडे त्यांच्या हाताला कंप सुटला होता. फोटो हललेले यायचे. घरात त्यावर चकार शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. शेवटी त्यांनीच कॅमेरा कपाटात टाकला आणि ते दिवसभर खिडकीशी गप्प बसू लागले.

"हात हलला तर?" काकूंनी विचारलं.

"आतला सेन्सर उलट बाजूला हलून सावरून घेतो. फोटोला पत्ताही लागत नाही. फारच हलला तर स्क्रीनवर थरथरत्या हाताचं चिन्ह येतं."

"म्हणजे चुगली करतो. ते चिन्ह आधी बंद करा, मग पिशवीत घाला."

घरी येऊन त्यांनी कॅमेरा नवऱ्याच्या हातात ठेवला. "तुमचा जुना फार जड होता हो. याच्यावर माझा एक काढा बघू."

गॅलरीतल्या उन्हात त्यांनी फोटो काढला, स्क्रीनवर मोठा करून न्याहाळला. पापणीन् पापणी स्वच्छ. काकूंचा जीव भांड्यात पडला.



"बघ," ते खुशीत म्हणाले, "एकदाची न हलता उभी राहिलीस, तर कसा छान आला."