क्षमा कोणी कोणाची

नाटकाच्या शेवटी नायकाने गुडघे टेकून ‘मला क्षमा कर’ म्हणायचं, असं जुन्या संहितेत स्वच्छ लिहिलं होतं. नायक झालेले अण्णा मात्र दर प्रयोगाला ताठ उभे राहून म्हणत, ‘जा, तुला क्षमा केली!’ नायिका हेमांगी मुकाट मान लववायची.

आज मध्यंतरात तिने विचारलं, ‘अण्णा, वाक्य उलटं का म्हणता?’

‘टाळ्या मला पडतात, बाळ. नायिका उद्या दुसरी मिळेल.’

शेवटी अण्णा गरजलेच, ‘जा, तुला क्षमा केली!’

हेमांगीची मान लवली नाही. ‘मी मागितलीच कुठे?’

‘वन्स मोअर!’ प्रेक्षागृह दणाणलं.

वन्स मोअर नाकारायचा नाही, हा अण्णांचाच नियम; आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं तर पुन्हा तोच टोला बसणार. घसा खाकरून ते कण्हत गुडघ्यांवर आले. ‘मला... क्षमा कर.’

मग हेमांगीने संहितेतलं, आजवर वाट्याला न आलेलं वाक्य म्हटलं, ‘विचार करून सांगेन.’