पावाला लोणी लावणारा सीगल

“तुमचा विश्वास बसायचा नाही, पण माझी पहिली कादंबरी एका सीगलने माझ्याकडून लिहून घेतली,” म्हातारा लेखक आस्गर म्हणाला. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या त्या खाणावळीत कोळ्यांनी खुर्च्या त्याच्याकडे वळवल्या.

आस्गरचं लक्ष मात्र शेगडीपाशी विणत बसलेल्या ग्रेथेकडे होतं. तरुणपणी कादंबरी लिहायला तो या गावात आला, तेव्हा त्या हिवाळ्यात भुकेनेच मेला असता. पण रोज पहाटे त्याच्या माळ्याच्या खिडकीत कुणीतरी खाणं ठेवून जायचं. ती ग्रेथेच, हे त्याला ठाऊक होतं. पण उपाशी माणसाला दिलेल्या घासावर आपलं नाव सांगायचं नाही, ही गावची रीत. त्याने कितीदा विचारलं, तिने कानांवर हात ठेवले. आता त्याची शेवटची कादंबरी छापायला निघाली होती आणि अर्पणपत्रिकेचं पान कोरं होतं. मरण्याआधी त्याला तिचे आभार मानायचे होते. पण तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय रीत मोडायचा धीर होत नव्हता.

“पठ्ठ्या रोज चोचीत मासा आणायचा,” आस्गर रंगात आला, “धुरी दिलेला, काटे काढलेला. सोबत काळा पाव.”

“आणि पावाला लोणी?” एका कोळ्याने खोचकपणे विचारलं.

“तोच लावायचा, पंखाने. जरा कंजुषीनेच लावायचा म्हणा.”

ग्रेथेच्या सुया थांबल्या.

“साफ खोटं,” ती म्हणाली. “चांगलं बोटभर जाड लावायचे मी.”