कोपऱ्याची गोलाई

“एवढं लिंक करून टाक,” म्हणत ड्रॉइंग खात्यातल्या मास्तरांनी पेन ड्राइव्ह घारीच्या कीबोर्डवर ठेवला. मग सहज आठवल्यासारखं विचारलं, “आई कशी आहे गं? अजून लेथ मशीनवरच?”

“लेथवरच. तिला तिथून उठवायची कोणाची छाती आहे?”

एरवी मास्तर हसले असते. आज त्यांची नजर पेन ड्राइव्हवरून हलली नाही.

कारखाना दवाखान्यांचे पलंग बनवायचा. गेल्या आठवड्यात एका दवाखान्यात पलंगाचा कठडा एकाएकी खाली आला, एक म्हातारा रुग्ण पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. कठडा अडकवणारी पिन तुटली होती. पिनेचा जाड भाग संपून बारीक सुरू होतो तिथल्या कोपऱ्याला गोलाई नव्हती, आणि अशा धारदार कोपऱ्यातूनच चीर जाते. हे घारीला शिकवलं होतं मास्तरांनी, आणि पिनेचं ड्रॉइंग काढलं होतं तेही मास्तरांनीच. चौकशीवाले उद्या यायचे होते.

वर्षभर घारीकडे एकच काम होतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भागाचा आयटम आधीच भरून ठेवला होता, नुसता नंबर आणि नाव. घारीनं जुनी ड्रॉइंग हुडकून ज्या त्या आयटमला जोडायची. मास्तरांनी मंजुरी दिली की फाइलला कुलूप. मग शॉपमधले, म्हणजे मशीनवरच्या कामगारांकडचे कागद गोळा करून तुकडे करायच्या यंत्रात. वरून हुकूमच होता: कॉम्प्युटरमध्ये असेल तेच खरं.

फाइलखाली जोडणाऱ्याचं नाव कायमचं राहायचं, तारीख नाही. आईनं शॉपमधल्या स्क्रीनवर ते हुडकून काढलं होतं आणि अख्ख्या पाळीला बोलावून दाखवलं होतं. “बघा, माझ्या पोरीचं नाव.” घारी लाजून अर्धी झाली होती. तरी रात्री अंथरुणात तिला हसू आवरत नव्हतं.

पिनेचा आयटम तेवढा रिकामा राहिला होता. पिनेचे कागद मात्र परवाच बाकीच्या गठ्ठ्याबरोबर यंत्रात गेले होते. मास्तरांनीच घाई केली होती.

घारीनं पेन ड्राइव्हवरची फाइल उघडली. कोपऱ्याला छान गोलाई होती. तिनं जुना फोल्डर उघडला. तिथल्या फाइलमध्ये ती नव्हती.

“मास्तर, हे दोन वेगळे आहेत.”

मास्तर खुर्ची ओढून बसले. कधीच सुधारून ठेवलं होतं, म्हणाले, शॉपला द्यायचं तेवढं राहून गेलं. कधी सुधारलं, हे घारीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

ती या खात्यात आली तेव्हा सगळे तिला लेथवालीची पोरगी म्हणायचे. चहाला हाक नाही, कामात वाटा नाही. मास्तरांनी तिचं टेबल आपल्या टेबलाला चिकटवून घेतलं आणि रेघ कशी वाचायची इथपासून शिकवलं. आज तोच माणूस तिच्यापुढे बसून विनवत होता.

“या वयात कोठडी झेपायची नाही गं मला,” ते म्हणाले.

“पण मग दोष कोणावर जाईल?”

“पोलादावर. माल खराब निघाला म्हणतील. पोलादाला काय, पोरंबाळं थोडीच असतात?”

तिनं पिनेचा नंबर टाकला. स्क्रीननं विचारलं, आयटम आधीपासून आहे, फाइल जोडायची का? तिनं ‘हो’ दाबलं. जुन्या फोल्डरमधली फाइल पुसून टाकली. मास्तरांनी आपल्या टेबलावरून मंजुरी दिली आणि कुलूप लागलं.

घरी ती ताटातला भात नुसता चिवडत राहिली. आईनं दोनदा विचारलं, मग आपलं नेहमीचं सुरू केलं: कागदावर असेल तेवढंच करावं, पदरचं शहाणपण घालू नये, मग झोप कशी छान लागते. घारी ताटावरून उठली. आईला काय कळणार, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चौकशीवाल्या साहेबांनी ड्रॉइंग मोठं करकरून पाहिलं. डिझाइन चोख आहे, म्हणाले. घारीचा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपण एका भल्या माणसाला वाचवलं, असं तिनं दिवसभर स्वतःला बजावलं.

चार दिवसांनी प्रयोगशाळेचा निकाल आला. पोलादात खोट नव्हती.

तिनं मान वळवून पाहिलं. मास्तरांची खुर्ची रिकामी होती. सकाळीच रजा टाकून गेले, असं शिपाई म्हणाला.

ती घरी आली तर पाळी सुटायच्या आधीच आई परतलेली. मोरीपाशी बसून हात धूत होती. नखांतलं तेल निघत नव्हतं, तरी पुन्हा पुन्हा साबण लावत होती.

“आज लवकर कशी?”

“आता रोजच,” आई म्हणाली. “त्या पिना माझ्याच मशीनवर झाल्या होत्या. कोपरा गोल का केला नाही, चौकशीवाले विचारत होते. उद्या पोलिसांकडे जायचंय.”

घारी तिच्यापाशी खाली बसली. “ड्रॉइंगमध्ये गोलाई नव्हती, असं सांगितलंस ना तू?”

“सांगणारच होते. तेवढ्यात साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. खाली तुझं नाव होतं.” आईनं नळ बंद केला. “मग म्हटलं, होती साहेब गोलाई. माझाच हात चुकला.”