धुऱ्यापलीकडचं जस्त

वैजयंतीच्या संत्र्यांना या वेळी हिरवीगार पालवी फुटली, तेव्हा ती चक्रावली. गेल्या खेपेला जस्त कमी पडून पानं पिवळी पडली होती आणि या वेळीही तिने तर जस्त टाकलंच नव्हतं. तिने मोबाइलवर जमिनीखालचा नकाशा उघडला. गावातल्या साऱ्या झाडांची मुळं पेरलेल्या बुरशीच्या धाग्यांनी जोडलेली होती. ज्याने मोबाइलवरून आपला धुरा, म्हणजे शेताचा बांध, या धाग्यांसाठी उघडला, त्याच्या मातीतलं अन्न शेजाऱ्याच्या झाडांना मिळायचं. जस्त शेजारच्या शालिग्रामकाकांच्या वावरातून येत होतं.

ती तडक त्यांच्याकडे गेली. काकांच्या झाडांची कोवळी पानं फिकी पडली होती.

"काकाजी, हे काय केलंत? स्वतःची झाडं उपाशी ठेवली?"

"माझी झाडं जुनी आहेत, बाई. एखादा बहार कमी आला तरी तगतील. तुझा पहिलाच बहार. तो गळाला असता तर तू बाग मोडली असतीस."

 बाग मोडायचं तिच्या मनात होतं, पण ती कुणाजवळ बोलली नव्हती. तिने डोळे पुसले, मोबाइलवर आपल्या बाजूचा धुरा उघडला आणि विचारलं, "तुमच्या मातीत काय कमी आहे?"

काका संकोचले. "मॅग्नेशियम," ते हळूच म्हणाले.

ते तिच्याकडे भरपूर होतं.