घोटभर पाणी

पर्यावरण अभियंता असलेल्या ताई दर रविवारी स्थानिक रेडिओवर पाणी-कचऱ्यावरचा थेट कार्यक्रम करायच्या. आज पाहुणे होते रंगाच्या कारखान्याचे मालक.

"आम्ही सांडपाणी इतकं शुद्ध करून सोडतो, की कुणीही खुशाल प्यावं," मालक छातीठोकपणे म्हणाले.

ताई याच वाक्याची वाट बघत होत्या. कारखान्याच्या नाल्यातून सकाळीच भरून आणलेलं पाणी त्यांनी ग्लासात ओतलं. खोलीभर कुबट वास सुटला.

"मग घ्या ना साहेब. सगळे ऐकतायत."

मालकांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. दाराशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरला त्यांनी खुणेनं बोलावलं, ग्लास त्याच्या हातात दिला आणि माइककडे बोट दाखवलं. माइकपाशी वाकून, डोळे घट्ट मिटून त्यानं तो घटाघट रिकामा केला.

खरं सांगायला ताईंनी तोंड उघडलं, तोच ड्रायव्हरनं ओले ओठ पुसून त्यांच्यापुढे हात जोडले. मुकाट्यानं मान हलवली, बोलू नका म्हणून. ताई माइकपासून मागे सरल्या.

 

घरोघरी लोकांना फक्त घोट ऐकू आले, आणि पाठोपाठ मालकांचा तृप्त आवाज, "अगदी गोड आहे हो, ताई."