बिरप्पाच्या दारातली गर्दी

बिरप्पाच्या दारातली गर्दी गल्लीत मावेना. लोक समोरच्या ओट्यांवर चढले, पोरं पत्र्यांवर बसली. सोलापुरातला बाजार सकाळपासून बंद होता. "कापसाच्या जिनात बाँब फुटला, भट्टीवरचा बिरप्पा आगवाला गेला," एवढंच जो तो सांगत होता आणि सांगताना मागं वळून बघत होता. अनोळखी माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसला, की त्याला अडवून नाव-गाव विचारलं जात होतं.

मायाक्का नवऱ्याच्या उशाशी बसली होती. बिरप्पाच्या अंगावर त्याचंच काळं घोंगडं टाकलेलं, पण त्यावर इतके हार पडले होते की घोंगडं दिसेना. तिनं हारांखाली बोटं घालून त्याची कड शोधली. सांगोल्याकडच्या माळावर होते तेव्हा घरच्याच मेंढरांची लोकर होती ती. त्या वेळी बिरप्पाच्या अंगाला लोकरीचा आणि ताकाचा वास यायचा. बिरोबाच्या जत्रेत त्याच्या गळ्यात ढोल आला, की काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्याही ताल धरायच्या. मग वर्षामागून वर्ष पाऊस हुकला. मेंढरं गेली, माळ सुटला. सोलापुरात पहिल्या रात्री गिरणीचा भोंगा झाला तसा तो दचकून उठला होता. "ह्ये कुनाचं मेंढरू वरडतंय गं?" म्हणाला. दोघं तोंडात पदर आणि मुंडासं कोंबून किती वेळ हसली होती. पुढं अंगाला कोळशाचा वास लागला, तो कधी सुटलाच नाही. तरी तोंडानं म्हणायचा, "दोन पावसाळं बरं झालं तर जाऊ माघारी."

आता सारं शहर त्याच्यासाठी दारात उभं होतं. दुःखाच्या पोटात मायाक्काला कुठंतरी ऊब वाटत होती. जिनातलाच रामहरी यंत्राच्या पट्ट्यात सापडून मेला, तेव्हा खांद्याला चौघं गोळा करताना बिरप्पाची दमछाक झाली होती. त्या दिवशी एक दुकानही बंद झालं नव्हतं. आपल्या माणसाचं तसं झालं नाही.

फक्त शेजारची दगडाबाई आली नव्हती. तिचा पोरगा शिवपुत्र जिनातल्या मुकादमाशी भांडला म्हणून कामावरून काढला गेला होता. बाँब त्यानंच ठेवला असं ठरलं आणि पोलिसांनी त्याला पहाटे उचलून नेलं. लोकांनी तिच्या दारावर दगड टाकले होते. भिंतीपलीकडून तिचं दबलेलं रडणं मायाक्काच्या कानावर येत होतं. परक्या शहरात पहिली भाकरी तिनंच वाढली होती.

समोरच्या ओट्यावर गुरुलिंगअप्पा वकील बोलायला उभे राहिले. भला माणूस. आवाज भरून आला होता.

"हा एकट्या बिरप्पाचा घात नाही. तुमच्या-आमच्या प्रत्येकाच्या घराचा घात आहे. ज्यानं हे केलं तो फासावर जाईपर्यंत हे गाव गप्प बसणार नाही!"

गर्दीतून हुंकार उठला. मुठी वर गेल्या. मायाक्कानं घोंगड्याची कड सोडली आणि ती उभी राहिली. क्षणभर तिनं त्या गर्दीकडं डोळे भरून पाहून घेतलं.

"वकीलसायब, बाँब न्हवता त्यो."

"बाई, तुम्ही बसा. दुःखानं तुम्हाला सुचेनासं झालंय."

"समदं सुचतंय मला. जिनाचा बॉयलर फुटला. त्याला आधीच चीर पडली व्हती. ह्ये रोज घरी येऊन सांगायचे. मुकादमाला सांगितलं, म्यानेजरला सांगितलं. कापसाचा हंगाम सरू दे, मंग बघू, म्हनले. दगडाबाईच्या पोराला सोडवा. त्यानं काय केलं न्हाय."

बिरप्पाच्या जोडीनं कोळसा मारणारा कोंडीबा भिंतीला टेकून बसला होता. त्याचा भाजलेला हात फडक्यात गुंडाळलेला होता. कालपासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. आता तो मान वर न करता म्हणाला, "खरं हाय. म्या बी बघितलीया चीर."

मग कुणीतरी मोठा श्वास सोडला.

"अपघात व्हय!"

"देवाची करणी, दुसरं काय."

मुठी खाली आल्या. चेहरे सैल पडले. एक-दोघांना तर हसू आवरेना. आयांनी पोरांना हाका मारून खेळायला सोडलं. दुकानांच्या फळ्या निघाल्याचा आवाज आला. लोक पाय न वाजवता, एकमेकांच्या आडोशानं निघून गेले. थोड्या वेळानं गल्लीत तुडवलेली फुलं उरली.

वकिलांनी आपल्या कारकुनाला शिवपुत्राच्या सुटकेसाठी चौकीवर धाडलं. स्वतः मात्र गेले नाहीत. पगडी काढून ते उंबऱ्याशी उभे राहिले. दगडाबाई आली आणि मायाक्काला बिलगली.

"मानूस तर त्योच हाय की, सायब," मायाक्का म्हणाली. "मगाशी व्हता त्योच. मंग ही समदी गेली का?"

वकिलांनी तुडवलेल्या फुलांकडं पाहिलं. "बाई, बाँबमागं माणूस असतो. त्याची भीती वाटते, त्याच्यावर चिडता येतं. बॉयलरवर कुणी चिडायचं?"

मायाक्कानं बिरप्पाच्या अंगावरचे हार एकेक करून बाजूला केले. घोंगडं नीट ओढून घेतलं. मग मान वर करून म्हणाली,

"बॉयलरला बी मालक हाय की, सायब."